कॅल्व्हर्ट कड्यांखाली शार्कच्या दातांचा शोध

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावर सुमारे ४८ किलोमीटर पसरलेले कॅल्व्हर्ट कडे हे हौशी जीवाश्म संग्राहकांचे आवडते ठिकाण आहे. मायोसीन काळात, सुमारे १ कोटी ८० लाख ते ८० लाख वर्षांपूर्वी, येथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेले वाळू-मातीचे थर आज या कड्यांच्या रूपाने उघडे पडले आहेत. लाटा व पाऊस कडे पोखरतात, तसे त्यांतील शंख-शिंपले, व्हेलची हाडे आणि शार्कचे दात किनाऱ्यावर येऊन पडतात.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने मृत्यूनंतर तो सहसा टिकत नाही. दात मात्र जबड्यात एकामागे एक ओळींनी तयार होत राहतात. पुढचा गळला की मागचा त्याची जागा घेतो आणि एकाच शार्कचे आयुष्यभरात हजारो दात पडतात. त्यांचे बाह्य आवरण फ्लोराइडयुक्त फॉस्फेटचे असल्याने ते फार चिवट असते. गाळात पुरलेल्या दातात भूजलातील खनिजे झिरपतात व त्यांनुसार त्याला काळा, राखाडी किंवा तपकिरी रंग येतो. म्हणून अधिक काळा दात अधिक जुना, ही नवख्यांची समजूत बरोबर नाही.

शोधासाठी ओहोटीची वेळ उत्तम आणि वादळानंतरची ओहोटी त्याहून उत्तम. पाण्याच्या कडेला जेथे बारीक खडे व शिंपल्यांचे तुकडे साचतात, तेथे चाळण चालवावी आणि त्रिकोणी आकार व आवरणाची चकाकी यांवर नजर ठेवावी. कड्यांच्या पायथ्याशी मात्र जाऊ नये, कारण दरड पूर्वसूचनेशिवाय कोसळते. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये कड्यांखाली फिरण्यास आणि कडे खणण्यास बंदी आहे, आणि ती सर्वस्वी योग्य आहे.

तळहाताएवढा, कडेला बारीक दाते असलेला मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा दात सर्वांनाच हवा असतो, पण तो क्वचित मिळतो. मला त्याहून बोलका वाटतो तो हेमिप्रिस्टिस सेरा या शार्कचा दात. त्याचे वरच्या जबड्यातील दात रुंद, वाकलेले व ठळक करवती कडांचे असतात, तर खालचे अरुंद आणि टोकदार. खालच्यांनी भक्ष्य धरायचे आणि वरच्यांनी कापायचे, ही कामाची विभागणी दोन सुटे दात शेजारी ठेवताच लक्षात येते. याच वंशातील हेमिप्रिस्टिस इलाँगाटा हा शार्क आजही हिंदी महासागरात आढळतो.

अशी तुलना करण्याची वाट जुनी आहे. माल्टा बेटावरील खडकांत मिळणाऱ्या त्रिकोणी दगडांना युरोपात सापांच्या अश्मीभूत जिभा मानले जाई. १६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे डोके फ्लॉरेन्सला आणले गेले. डॅनिश शरीररचनातज्ज्ञ निकोलस स्टेनो यांनी त्याचे विच्छेदन केले आणि ते ‘दगड’ शार्कचेच दात असल्याचे १६६७ मध्ये सप्रमाण मांडले.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टचा असल्याने सह्याद्रीत असा शोध व्यर्थ ठरेल. कच्छच्या सागरी खडकांतून मात्र शार्कचे जीवाश्म दात मिळालेले आहेत.

किनाऱ्यावर सुटा पडलेला दात आपला मूळ थर गमावून बसलेला असतो, त्यामुळे निदान ठिकाण व तारीख तरी लगेच टिपून ठेवावी. अनेक दात किंवा हाडे कड्यात एकत्र रुतलेली दिसली, तर त्यांना हात न लावता छायाचित्र घेऊन सॉलोमन्स येथील कॅल्व्हर्ट मरीन म्युझियमला कळवावे, कारण दातांची मूळ मांडणी एकदा विस्कटली की त्यावरून जबड्याची रचना जुळवणे फार कठीण होते.