शिकागो : प्रेक्षणीय स्थळे

शिकागो हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील, मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर वसलेले महानगर. लोकसंख्येत न्यूयॉर्क आणि लॉस अँजेलिस यांच्यानंतर देशात त्याचा तिसरा क्रमांक लागतो. १८३७ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. ८ ते १० ऑक्टोबर १८७१ या तीन दिवसांच्या आगीत मध्यवस्ती जळून खाक झाली. मोकळी पडलेली महागडी जमीन, वेगाने वाढणारा व्यापार आणि धातूच्या सांगाड्यावर इमारतीचा भार पेलण्याचे नवे तंत्र यांचा येथे मेळ बसला. १८८५ मध्ये पुरी झालेली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग आधुनिक गगनचुंबी इमारतींची पूर्वज मानली जाते. ती १९३१ मध्ये पाडली. या इतिहासामुळे शिकागो पाहताना सुरुवात इमारतींपासूनच करावी. तीन दिवस हाती असतील तर मुख्य गोष्टी नीट होतात. एकच असेल तर नदी, मिलेनियम पार्क आणि आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय एवढ्यावर थांबावे.

पहिल्या सकाळी शिकागो नदीतून बोटीची वास्तुकला-सफर करावी. मध्यवस्तीत नदीचे तीन फाटे आहेत: सरोवराकडून येणारा मुख्य प्रवाह, उत्तर शाखा आणि दक्षिण शाखा. शिकागो आर्किटेक्चर सेंटरची सफर ९० मिनिटांची असून ती तिन्ही फाट्यांतून फिरते. माहिती देणारे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. इतर कंपन्यांच्या ७५ मिनिटांच्या सफरीही चांगल्या आहेत, मात्र वेगाच्या मजेसाठी धावणाऱ्या स्पीडबोटीत इमारतींविषयी फारसे काही कळत नाही. वरच्या उघड्या डेकवरची जागा हवी असेल तर अर्धा तास आधी पोहोचावे. बोट त्याच मार्गाने परतते, त्यामुळे डावी बाजू की उजवी याची काळजी नको. हा हंगाम साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत असतो.

बोटीचा धक्का शोधताना अनेकांची वाट चुकते, कारण नदीकाठचे रस्ते येथे एकावर एक आहेत. मिशिगन ॲव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्ह यांना वरचा व खालचा असे मजले असून धक्का त्याहीखाली, पाण्याच्या पातळीवर आहे. उंच इमारतींमध्ये फोनवरचा नकाशाही गडबडतो. मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या ड्युसेबल पुलाच्या आग्नेय कोपऱ्यावर पायी यावे आणि जिन्याने खाली उतरावे. टॅक्सी बोलावताना आपण वरच्या रस्त्यावर आहोत की खालच्या, हे चालकाला आधी सांगावे.

नदीवरून दिसणाऱ्या इमारती जवळजवळ शंभर वर्षांचा पट उलगडतात. पुलाजवळची पांढरी रिग्ली बिल्डिंग १९२० च्या दशकातली. तिच्यासमोरचा गॉथिक धाटणीचा ट्रिब्यून टॉवर १९२५ चा. त्याच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवले आहेत आणि त्यांत ताजमहालाचाही एक तुकडा आहे. तो बोटीतून दिसत नाही, त्यासाठी फुटपाथवर थांबावे लागते. बर्ट्रंड गोल्डबर्ग यांच्या मरीना सिटीच्या दोन गोल मनोऱ्यांत खालचे १९ मजले चक्राकार वाहनतळाचे आहेत. वॅकर ड्राइव्हवरची ३३३ क्रमांकाची हिरव्या काचेची इमारत (१९८३) नदीच्या वळणाबरोबर वळते. जीन गँग यांचा सेंट रेजिस मनोरा (२०२०) ३६३ मीटर उंच आहे. नदीही माणसाच्या हातून सुटलेली नाही. पूर्वी ती शहराचे सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात नेई. १९०० मध्ये सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खोदून तिचा प्रवाह उलटा केला, तेव्हापासून ती सरोवरापासून दूर वाहते. मुखाशी असलेल्या जलपाशामुळे (बोटींना वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदामुळे) सरोवर आणि नदी यांच्या पातळ्या वेगळ्या राहतात.

उंचावरून शहर पाहण्यासाठी दोन इमारती आहेत. दोन्हींवर पैसे घालण्याची गरज नाही. विलिस टॉवर (पूर्वीचा सिअर्स टॉवर) ११० मजली, ४४२ मीटर उंच. १९७० च्या दशकात बांधलेला हा मनोरा १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होता. त्याची रचना ढाक्यात जन्मलेले अभियंते फजलुर रहमान खान यांनी वास्तुकार ब्रूस ग्रॅहम यांच्यासह केली. प्रत्येकी ७५ फूट रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या मोळीसारख्या एकत्र बांधल्या आहेत. दोन ५० व्या, दोन ६६ व्या, तीन ९० व्या मजल्यावर थांबतात आणि उरलेल्या दोन माथ्यापर्यंत जातात. वाऱ्याचा जोर सगळ्या नळ्या मिळून पेलतात, म्हणून पोलाद कमी लागले. १०३ व्या मजल्यावरच्या सज्जात, ४१२ मीटर उंचीवर, भिंतीबाहेर सव्वा मीटरहून थोड्या जास्त पुढे आलेल्या काचेच्या खोल्या आहेत. त्यांच्यासाठी वर पुन्हा वेगळी रांग लागते आणि गर्दीच्या दिवशी तासभर तिथेच जातो.

दुसरी इमारत म्हणजे १९६९ चे जॉन हॅनकॉक सेंटर. आजचे तिचे अधिकृत नाव तिच्या पत्त्यावरून, ८७५ नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू असे आहे. तिच्या अंगावरच्या मोठ्या फुल्या शोभेच्या नसून वाऱ्याचा भार पेलणारे तिरपे आधार आहेत. हीदेखील खान आणि ग्रॅहम यांचीच रचना. तिचा सज्जा ९४ व्या मजल्यावर, म्हणजे विलिसपेक्षा खाली आहे. तरी निवड करायची तर हीच बरी, कारण येथून सरोवराचा काठ अगदी पायाशी येतो आणि विलिससह सगळी मध्यवस्ती समोर दिसते. तिकीट घेण्यापूर्वी रस्त्यावरून वर पाहावे: माथ्यावरचे अँटेना ढगात गेले असतील तर वरून फक्त पांढरे धुके दिसेल. सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटे महाग असतात आणि लवकर संपतात.

मिलेनियम पार्क २००४ मध्ये रेल्वेरूळ आणि वाहनतळ यांच्या डोक्यावर उभारले. तेथील ‘क्लाउड गेट’ हे शिल्प मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे. शिकागोकर त्याला ‘बीन’ म्हणतात. गंजरोधक पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे घासून पूर्ण नाहीसे केले आहेत. शिल्प सुमारे १० मीटर उंच, २० मीटर लांब असून वजन १०० टनांच्या आसपास आहे. बहुतेक लोक पश्चिमेला उभे राहून छायाचित्र काढतात आणि निघून जातात. कमानीखाली जाऊन मान वर केल्याशिवाय हे शिल्प पाहिले असे म्हणू नये. तिथे पृष्ठभाग आत ओढला गेला आहे आणि प्रतिबिंबे एकमेकांत विरघळत जातात. उद्यान उघडताच गेल्यास गर्दी नसते आणि उन्हाची तिरीपही डोळ्यांवर येत नाही. जवळच जॉमे प्लेन्सा यांचे क्राउन फाउंटन आहे. तिथे शिकागोकरांचे चेहरे दाखवणाऱ्या १५ मीटर उंच काचविटांच्या दोन मनोऱ्यांतून पाणी उडते. मुले भिजतातच, सुके कपडे सोबत ठेवावेत. हिवाळ्यात पाणी बंद असते. फ्रँक गेरी यांच्या प्रित्झकर पॅव्हिलियनमध्ये उन्हाळ्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली होतात. मागच्या हिरवळीवर बसण्यास पैसे लागत नाहीत.

मराठी पाहुण्यांना शेजारच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिरताना सर्वप्रथम स्वामी विवेकानंद आठवतात. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेतील त्यांचे पहिले भाषण याच इमारतीत झाले. ही परिषद ज्या विश्वमेळ्याचा भाग होती, त्याचे मुख्य मैदान दक्षिणेला कित्येक किलोमीटर दूर, जॅक्सन पार्कात होते. परिषद तिथे भरली नव्हती. ज्या तात्पुरत्या सभागृहात ती भरली, ते मात्र आज उरलेले नाही, त्यामुळे ‘ते व्यासपीठ’ शोधत फिरू नये. समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या भागाला विवेकानंदांचे सन्माननाम दिले आहे. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द येथील मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते.

संग्रहालय एवढे मोठे आहे की यादी ठरवून जावे. चित्रकार जॉर्ज सुरा यांचे ‘ला ग्रांद जात्त बेटावरील रविवार’, ग्रँट वुड यांचे ‘अमेरिकन गॉथिक’, एडवर्ड हॉपर यांचे ‘नाइटहॉक्स’ आणि मार्क शगाल यांच्या निळ्या काचेच्या खिडक्या चुकवू नयेत. सुरा यांचे चित्र आधी दूरून, मग हातभर अंतरावरून पाहावे, म्हणजे ठिपक्यांतून रंग कसा जमतो ते कळते. तळमजल्याखालच्या ६८ थॉर्न लघुदालनांपर्यंत फार थोडे लोक पोहोचतात. खऱ्या खोल्यांच्या बाराव्या हिश्शाएवढी ती घरे मुलांना हमखास आवडतात. संग्रहालयाला आठवड्याच्या मध्यावर सुट्टी असते, जाण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

दक्षिणेकडे सरोवराकाठी फील्ड म्युझियम, शेड मत्स्यालय आणि ॲडलर तारांगण शेजारी शेजारी आहेत. तिन्ही एका दिवसात उरकण्याच्या नादात पाय थकतात आणि लक्षात काही राहत नाही. एकच निवडायचे तर फील्ड निवडावे: १९९० मध्ये दक्षिण डकोटात सापडलेला ‘सू’ हा टायरॅनोसॉरस डायनासोर तिथे आहे. तो १२ मीटरहून लांब असून त्याची सुमारे ९० टक्के हाडे खरी आहेत. मुख्य दालनातला त्याच्या तिप्पट लांबीचा ‘मॅक्सिमो’ मात्र साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे. शहराची क्षितिजरेषा ॲडलरसमोरच्या पायवाटेवरून सर्वांत सुंदर दिसते, त्यासाठी तिकीट लागत नाही. आणखी दक्षिणेला विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात ४ जून १९४४ रोजी पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी आहे. तिच्या आत जाण्याचे तिकीट वेगळे असते. दारावर ते मिळेलच असे नाही.

विनामूल्य ठिकाणांत लिंकन पार्क प्राणिसंग्रहालय (१८६८) आणि शिकागो कल्चरल सेंटर (१८९७) ही दोन महत्त्वाची. कल्चरल सेंटरमधला टिफनी काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट पाहायला पंधरा मिनिटे पुरतात.

पत्ते समजणे सोपे आहे. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे छेदतात तो शून्यबिंदू. तिथून दर मैलाला क्रमांक ८०० ने वाढतो. रिग्ली फील्ड हे बेसबॉलचे जुने मैदान (१९१४) ३६०० उत्तरला आहे, म्हणजे साडेचार मैलांवर. दक्षिणेचे पहिले तीन मैल या हिशेबात बसत नाहीत: तिथे १२००, २२०० आणि ३१०० असे टप्पे आहेत. ‘एल’ या उन्नत रेल्वेची निळी मार्गिका ओहेअर विमानतळावरून अहोरात्र चालते. मध्यवस्तीत ती भुयारातून जात असल्याने बाहेरचे काही दिसत नाही. खिडकीतून इमारती पाहण्यासाठी तपकिरी मार्गिका घ्यावी. व्हेंट्रा हे प्रवासभाड्याचे कार्ड नसले तरी बँकेचे स्पर्शविरहित कार्ड चालते.

डीप डिश पिझ्झाची सुरुवात १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनोत झाली. जाड तळ, त्यावर चीज आणि सर्वांत वर टोमॅटो असा उलटा क्रम असतो, कारण लांब भाजणीत वरचे चीज करपले असते. भाजायला ४० ते ४५ मिनिटे लागतात. टेबलाची वाट पाहतानाच ऑर्डर द्यावी. माणशी दोन तुकडे पुरतात. शिकागोचा हॉट डॉग आणि ‘इटालियन बीफ’ सँडविच दोन्ही गोमांसाची असतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. घरच्यासारखे जेवण आणि किराणा उत्तरेकडच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिळतो. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झाले.

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हा सर्वांत चांगला काळ. जूनमध्येही सरोवराकडून वारा सुटला की काठावर तापमान शहराच्या आतल्या भागापेक्षा बरेच उतरते. बोटीवर जाकीट लागतेच. जानेवारीत पारा सहज शून्याखाली असतो आणि वाऱ्यामुळे उघडी त्वचा काही मिनिटांत बधिर होते. त्या दिवसांत संग्रहालये रिकामी असतात आणि निवांत पाहता येतात, पण नदीची सफर आणि कारंजी मिळत नाहीत.