परदेशी खाद्यमाल न्हावा शेवात उतरवताना: परवाना, कागदपत्रे आणि लेबल

विक्रीसाठी आणलेला खाण्यापिण्याचा माल न्हावा शेवा बंदरात अडकतो, तेव्हा दर वेळी मालच खराब असतो असे नाही. पाकिटावर उत्पादनाची तारीख नसते, घटकांची यादी फक्त इटालियनमध्ये असते किंवा मुदतीचे दिवस कमी उरलेले असतात. यातली एकही त्रुटी बंदरावर दुरुस्त करून मिळत नाही. त्यामुळे खरी तपासणी पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी, आपल्या टेबलावर व्हायला हवी.

परवाना कोणाला आणि कोणता

आयातदाराकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड हवा आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचे केंद्रीय प्राधिकरण) केंद्रीय परवाना हवा. राज्यातल्या दुकानाचा किंवा कारखान्याचा परवाना इथे चालत नाही. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवाना पोर्टलवर 'आयातदार' या प्रकारात करायचा. शुल्क वर्षाला ७,५०० रुपये. पत्ता आयात-निर्यात कोडावर आहे तोच ठेवा. अर्जात जे खाद्यवर्ग निवडाल तेच आणता येतात. बिस्किटांचा परवाना घेऊन सॉस मागवला तर माल बंदरात आणि तुम्ही परवान्यात बदल करत बसलेले, अशी गत होते. ज्या पदार्थाचे मानक भारतात ठरलेलेच नाही, त्याला प्राधिकरणाची वेगळी पूर्वमंजुरी लागते. ती हाती येईपर्यंत ऑर्डर देऊ नये.

घरच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूंना हा परवाना लागत नाही. विकायला आणलेला माल मात्र कितीही थोडा असला तरी सुटत नाही.

मालानुसार वाढणारे कागद

बिल ऑफ एन्ट्री (कस्टमला द्यायचे आयातीचे विवरण), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), मूळ देशाचे प्रमाणपत्र, घटकांची यादी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि लेबलचा नमुना हा संच नेहमीचा. सगळे कागद कस्टमच्या ई-संचित या ऑनलाइन प्रणालीवर चढवायचे.

चीज, लोणी, मांस, मासे यांना केंद्राच्या संबंधित विभागाचे सॅनिटरी इम्पोर्ट परमिट (मालातून रोग येऊ नयेत म्हणूनचा आयात परवाना) लागते आणि ते माल निघण्याआधी घ्यावे लागते. दुग्धजन्य पदार्थ, डुकराचे मांस आणि मासे यांच्यासोबत निर्यातदार देशाच्या अधिकृत यंत्रणेचे आरोग्य प्रमाणपत्रही हवे. १ फेब्रुवारी २०२४ पासून दूध, मांस, अंड्याची भुकटी, लहान मुलांचे अन्न आणि न्यूट्रास्युटिकल्स (पोषणपूरके) बनवणाऱ्या परदेशी कारखान्यांनी एफएसएसएआयकडे नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे. पुरवठादार व्यापारी असेल तर त्याच्या नोंदणीने भागत नाही. माल ज्या कारखान्यात बनला त्याची नोंदणी बघा.

सफरचंद, मका, सोयाबीन, बटाटा अशा २४ ठरावीक पिकांना १ मार्च २०२१ पासून माल जनुकीय बदल केलेला नसल्याचे प्रमाणपत्र लागते. कडधान्ये, ताजी फळे, कच्चा काजू यांचा मार्ग मालातून कीड-रोग येऊ नयेत म्हणून तपासणी करणाऱ्या वनस्पती संगरोध विभागातूनही जातो. कोकणात आणि गोव्यात आफ्रिकेतून कच्चा काजू आणणाऱ्या कारखानदारांनी निर्यातदार देशाच्या फायटोसॅनिटरी (वनस्पती आरोग्य) प्रमाणपत्रातला मजकूर शब्दन्शब्द तपासावा. कीड मारण्यासाठी धुरी दिल्याची नोंद अपुरी असेल तर इथे पुन्हा धुरी द्यावी लागते आणि तिचा खर्च आपल्यावर येतो.

लेबल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बॉण्डेड गोदामात (कस्टमच्या ताब्यातले, माल सुटण्याआधीचे गोदाम) न निघणारे एकच स्टिकर लावून काही मोजक्या गोष्टी भरता येतात: आयातदाराचे नाव व पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व परवाना क्रमांक, आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. शाकाहारासाठी चौकोनात हिरवे वर्तुळ, मांसाहारासाठी चौकोनात तपकिरी त्रिकोण. स्टिकरने मूळ मजकूर झाकला जाता कामा नये.

पदार्थाचे नाव, घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख हे सगळे मूळ पाकिटावरच, इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापलेले असावे लागते. युरोपातल्या बाजारासाठी बनलेल्या पाकिटांवर बहुधा फक्त 'बेस्ट बिफोर' असते, उत्पादनाची तारीख नसते, कारण तिथे ती सक्तीची नाही. तोच माल उचलून पाठवला की तो इथे नापास होतो. पुरवठादाराकडून छपाईआधीचे लेबल मागवा, त्यावर शेरे मारून परत पाठवा आणि भरलेल्या खोक्याचे सर्व बाजूंचे फोटो आल्याशिवाय माल निघू देऊ नका. कमाल किरकोळ किंमत हे वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांचे काम आहे. तेही याच वेळी उरकून घ्यावे.

मुदतीचे गणित

मंजुरीच्या वेळी एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. वर्षभर टिकणाऱ्या बिस्किटांना तीन महिने उरले तरी पुरतात. चार महिने, म्हणजे १२० दिवस टिकणाऱ्या चीजला मात्र ७२ दिवस उरायला हवेत. म्हणजे बनल्यापासून मंजुरीपर्यंत हाती ४८ दिवस. त्यातला महिना समुद्रात गेला तर कारखान्यातला मुक्काम, बंदर आणि प्रयोगशाळा हे सगळे १८ दिवसांत बसवावे लागते. असा माल विमानाने आणावा, किंवा ताज्या बॅचची अट करारातच घालावी.

बंदरावर काय घडते

जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. मालाच्या मंजुरीचा अर्ज कस्टमच्या प्रणालीतून एफएसएसएआयकडे जातो. जोखमीच्या निकषांवर काही खेपा कागदांवरच सुटतात, बाकीच्यांची सीएफएसमध्ये (बंदराजवळचे कंटेनर ठेवण्याचे केंद्र) पाहणी होते आणि नमुना घेतला जातो. शुल्क भरून पाहणीची वेळ ठरवा आणि सीएचएला (कस्टमचे काम पाहणारा एजंट) हजर ठेवा. कंटेनर भरतानाच प्रत्येक प्रकारचा माल दारापासून हाताशी येईल असा रचून घ्या, नाहीतर सगळा रिकामा करावा लागतो. नमुन्याचे दोन भाग होतात: एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. अहवालासाठी नियमात पाच दिवस आहेत. तोवर डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) आणि कंटेनरचे भाडे चालूच राहते, तेव्हा ही रक्कम आधीच खर्चात धरा.

नमुना पास झाला की एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) मिळते आणि मग कस्टम माल सोडते. नापास झाला तर नॉन-कन्फर्मन्स रिपोर्ट (माल नियमांत बसत नसल्याचा अहवाल) येतो. राखून ठेवलेला दुसरा भाग रेफरल प्रयोगशाळेत (फेरतपासणीची प्रयोगशाळा) तपासून घेण्याची मागणी करता येते. त्याची मुदत थोडी असते, म्हणून अहवाल हाती पडला त्याच दिवशी अर्जाच्या तयारीला लागा. तिथेही नापास झाला तर माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच उरते, आणि दोन्हीचा खर्च आयातदाराचा. पुरवठादाराशी करार करतानाच या खर्चाचे कलम लिहून घ्यावे, कारण माल परत निघाल्यावर ते मान्य करायला कोणी तयार होत नाही.