लॅक्टिक अम्ल जीवाणूंतील लॅक्टोज चयापचयाचे जनुकशास्त्र

दुधातील लॅक्टोज ही द्विशर्करा पेशीत ओढून घेऊन तिचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करण्याची क्षमता ज्या जनुकांमुळे जीवाणूंना लाभते, त्यांची रचना, स्थान आणि नियमन यांचा विचार या विषयात होतो. दही, चीज इत्यादींसाठी लागणाऱ्या विरजणाचा वेग व भरवसा बव्हंशी या जनुकांवर ठरतो.

लॅक्टोज पेशीत येण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या चीजच्या विरजणातील जीवाणूत फॉस्फोट्रान्स्फरेज प्रणाली आढळते. तिच्यात शर्करा पेशीपटलातून आत येतानाच तिला फॉस्फेट जोडले जाते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा फॉस्फोएनॉलपायरुव्हेट पुरवते. आत आलेल्या लॅक्टोज फॉस्फेटचे फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज-६-फॉस्फेट असे दोन भाग करते. यांतील दुसरा भाग टॅगॅटोज मार्गाने (टॅगॅटोज-६-फॉस्फेट या मध्यस्थ पदार्थातून जाणाऱ्या विघटनमार्गाने) ग्लायकोलिसिसला, म्हणजे ग्लुकोज विघटनाच्या मुख्य मार्गाला, जाऊन मिळतो. वाहक प्रथिने, हे विकर आणि टॅगॅटोज मार्गातील विकरे यांची जनुके एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्रितपणे वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटात) सलग मांडलेली असतात. शेजारीच उलट दिशेने वाचले जाणारे लॅक-आर हे जनुक असून त्याचे प्रथिन ओपेरॉन दाबून धरते. टॅगॅटोज-६-फॉस्फेट साचले की हे दमन सुटते. म्हणजे प्रेरकाचे काम लॅक्टोज स्वतः करत नाही, तर त्याच्या विघटनातून निघालेला मध्यस्थ पदार्थ करतो.

हा ओपेरॉन लॅक्टोकॉकसमध्ये सामान्यतः गुणसूत्रावर नव्हे, तर प्लाझ्मिडवर (गुणसूत्रापासून वेगळ्या लहान डीएनए-रेणूवर) असतो, आणि या विषयाचा इतिहास तेथूनच घडला. लॅक्टोज वापरण्याचा गुण या जीवाणूंतून अचानक नाहीसा होतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९७२ मध्ये लॅरी मॅके व सहकाऱ्यांनी ॲक्रिफ्लॅविन या रंजकाच्या सान्निध्यात हा गुण गमावण्याचे प्रमाण वाढते असे दाखवले आणि पुढील संशोधनातून त्याचा प्लाझ्मिडशी असलेला संबंध पक्का झाला. प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी दिसतो : लॅक्टोज आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल घातलेल्या आगरवर अम्ल तयार करणाऱ्या वसाहती पिवळ्या होतात, तर गुण गमावलेल्या वसाहतींना तो रंग येत नाही. एनसीडीओ ७१२ या वाणातील प्लाझ्मिडवर लॅक्टोज जनुकांच्या जोडीने केसिन या दुधातील प्रथिनाचे विघटन करणाऱ्या प्रोटीनेजचे जनुकही असते, त्यामुळे ते गमावलेली पेशी दुधात दोन्ही अंगांनी दुबळी ठरते. अशा प्लाझ्मिडांची देवघेव संयुग्मनाने, म्हणजे दोन पेशींच्या थेट संपर्कातून, होऊ शकते. दुधात टिकून राहण्याचे हे सामर्थ्य लॅक्टोकॉकसने बाहेरून मिळवले असावे, असे मानण्यास यामुळे जागा आहे.

दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसची तऱ्हा निराळी आहे. त्याची लॅक-एस (वाहक) व लॅक-झेड (बीटा-गॅलॅक्टोसिडेज) ही जनुके गुणसूत्रावर असतात. लॅक्टोज फॉस्फेटविनाच आत येते, त्याचे सरळ विघटन होते, ग्लुकोज वापरले जाते आणि बहुतेक वाणांत गॅलॅक्टोज त्याच वाहकातून लॅक्टोजच्या बदल्यात बाहेर टाकले जाते. गॅलॅक्टोजच्या चयापचयाची जनुके या जीवाणूत लगतच असतात आणि बहुधा अखंडही असतात. अडचण त्यांच्या कमकुवत प्रवर्तकाची (जनुकांचे वाचन जेथून सुरू होते त्या डीएनए भागाची) आहे. प्रवर्तकात उत्परिवर्तन झाले, तर गॅलॅक्टोज वापरणारे वाण मिळतात. चीजनिर्मितीच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही, कारण चीजमध्ये उरलेले गॅलॅक्टोज तापवल्यावर प्रथिनांशी अभिक्रिया करून पृष्ठभाग नको तितका तपकिरी करते.

लॅक्टिकेसिबॅसिलस केसाय या जीवाणूतही फॉस्फोट्रान्स्फरेज मार्ग असतो, मात्र तेथे दमनकाऐवजी लॅक-टी हे प्रतिसमापक प्रथिन नियमन करते : ते नसेल तर अनुलेखन (जनुकावरून आरएनए तयार होण्याची क्रिया) सुरू होऊनही अर्ध्यावर थांबते. यांखेरीज ग्लुकोज उपलब्ध असताना सीसीपीए हे प्रथिन लॅक्टोज जनुकांना आवर घालते, ही व्यवस्था अनेक जातींत समान आहे.

या ज्ञानाचा एक उपयोग जनुकीय चिन्हकासाठी, म्हणजे हवे ते प्लाझ्मिड असलेल्या पेशी निवडून काढण्याच्या खुणेसाठी, झाला आहे. अन्नात वापरायच्या जीवाणूंवर प्रतिजैविकरोधी जनुके चिन्हक म्हणून ठेवणे योग्य नसल्यामुळे लॅक्टोकॉकसमध्ये लॅक-एफ हे लॅक्टोज-वाहक प्रथिनांपैकी एकाचे जनुक काढून टाकलेला वाण घेऊन तेच जनुक प्लाझ्मिडवर पुरवले जाते. मग शर्करा म्हणून केवळ लॅक्टोज असलेल्या माध्यमात ज्या पेशींकडे ते प्लाझ्मिड आहे, त्याच वाढतात.