तळाची पट्टी: स्टेटस बार हाताने बांधण्याची पार्श्वभूमी

स्टेटस बार म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडकीत अगदी तळाशी असणारी अरुंद पट्टी. बहुतेक टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणं असे तयार घटक देणाऱ्या संचांत) ती तयार मिळते, तरी प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं ती स्वतःच्या हाताने बांधत आले आहेत. पेच जुनाच आहे. जागा एका ओळीची आणि तिथे सांगायचं असतं दोन तऱ्हांचं: 'फाइल सेव्ह झाली' हे क्षणापुरतं, तर ओळ क्रमांक आणि कॅप्स लॉक सतत दिसायला हवेत. शिवाय त्या ओळीत लिहायचा हक्क कुणाचा, हाही प्रश्न असतोच.

आयबीएम ३२७८ टर्मिनलवर, म्हणजे मुख्य संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, मजकुराच्या ओळींखाली एक वेगळी ओळ असे. मुख्य संगणक कामात गुंतला की तिथे एक्स आणि घड्याळाचं चिन्ह उमटे, आणि कीबोर्ड तेवढा वेळ बंद. ही ओळ टर्मिनलच्या मालकीची होती. मुख्य संगणकावरचा प्रोग्रॅम आपला मजकूर तिथे घुसवू शकत नसे. मला ती शिस्त आजही मोलाची वाटते.

विंडोजवर १९९३च्या व्हिज्युअल सी++ सोबत आलेल्या एमएफसी २.० ने (विंडोज प्रोग्रॅमसाठी मायक्रोसॉफ्टच्या तयार कोडसंग्रहाने) ही पट्टी घरोघरी नेली. डावीकडे 'रेडी', उजवीकडे कॅप, नम, स्क्रोल या लॉक कळांच्या खुणा. विंडोज ९५पासून हेच काम करणारा कंट्रोल (खिडकीचा तयार घटक) सिस्टिममध्येच मिळू लागला. एसबी_सेटपार्ट्स या संदेशातून, म्हणजे कंट्रोलला धाडलेल्या सूचनेतून, पट्टीतल्या प्रत्येक कप्प्याची उजवी कड द्यायची. शेवटच्याला उणे १ दिलं की तो खिडकीच्या कडेपर्यंत पसरतो. पण कप्प्यात बसे तो मजकूर, फार तर एक आयकॉन. प्रोग्रेस बार (काम किती झालं ते दाखवणारी भरत जाणारी पट्टी) हवा असेल तर एसबी_गेटरेक्टने कप्प्याचा चौकोन विचारायचा आणि त्यावर वेगळा कंट्रोल नेऊन ठेवायचा. खिडकी ताणली की कप्पे सरकत, प्रोग्रेस बार मात्र जुन्या जागीच. खिडकीचा आकार बदलेल तेव्हा मोजमाप पुन्हा करावं लागे.

जावा भाषेच्या स्विंग या टूलकिटमध्ये तर स्टेटस बार नावाचा घटकच नव्हता. जेपॅनेल हा रिकामा चौकोन घ्यायचा, बॉर्डरलेआउट या मांडणीच्या साउथला, म्हणजे तळाशी, टाकायचा, आत लेबलं मांडायची.

मूळ पेचाला नीट हात घातला तो क्यूटी या टूलकिटने. तिथे क्षणापुरता संदेश आला की साधे घटक झाकले जातात आणि संदेश गेल्यावर परत दिसतात. कायमचे घटक उजवीकडे असतात, त्यांना धक्का लागत नाही. जीटीके या दुसऱ्या टूलकिटने संदेशांची चळत केली: वरचा काढला की खालचा दिसतो. मला क्यूटीची रीत जास्त पटते, कारण चळतीत कुणी संदेश काढायला विसरलं की शिळी माहिती तशीच राहते.

लिहिण्याच्या हक्काची किंमत ब्राउझरनी मोजली. विंडो.स्टेटस (वेबपानाच्या कोडमधून पट्टीत मजकूर लिहिण्याची सोय) वापरून वेबसाइट खालच्या पट्टीत सरकती अक्षरं फिरवू लागल्या. लिंकचा खरा पत्ता तिथेच दिसायचा, तोही लपवता येऊ लागला. मग ब्राउझरनी ही मुभा काढून घेतली. २००८मध्ये क्रोम कायमच्या पट्टीशिवायच आला. २०११च्या फायरफॉक्स ४नेही ती काढली.

लिबरऑफिस रायटरमध्ये मात्र ती टिकून आहे. मराठी लिहिताना तिथे भाषेचं नाव दिसतं आणि त्यावर क्लिक करून भाषा बदलताही येते. जीटीकेने ४.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३पासून, आपला तयार स्टेटस बार कालबाह्य ठरवला. तिथे आता स्विंगसारखंच आडवा बॉक्स घेऊन लेबलं स्वतः मांडायची.