पांढरपेशा

पांढरपेशा : अंगमेहनत न करता लेखणीवर, कचेरीतल्या किंवा शिकवण्याच्या कामावर पोट भरणारा वर्ग. 'पांढरा' आणि फारसी 'पेशा' मिळून झालेला शब्द. कपडे मळणार नाहीत असे ज्याचे काम, तो पांढरपेशा. आज हा इंग्रजीतल्या 'व्हाइट कॉलर'चा तर्जुमा वाटतो, पण त्याहून तो बराच जुना आहे.

उत्तर कोकणात एके काळी ही चक्क महसुली वर्गवारी होती. ठाणे-कुलाब्याकडे शेतसारा ठरवताना पांढरपेशे आणि कुणबी वेगळे धरत. पांढरपेशे म्हणजे मुख्यतः ब्राह्मण, प्रभू वगैरे. ते स्वतः नांगर धरत नाहीत, गडी लावतात, त्यामुळे त्यांना खर्च जास्त पडतो, असा हिशेब करून त्यांना सारा कमी लागे. चिखलात उतरणाऱ्याने जास्त भरायचे आणि बांधावर उभे राहणाऱ्याला सूट! श्रमाची नावड नुसती मनात नव्हती, वसुलीच्या कागदावर होती. सवलत गेली, शब्द राहिला.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण याविरुद्ध पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाते. पण ही उत्तम शेती मालकाची; सालगड्याच्या शेतीला कोणी उत्तम म्हटल्याचे ऐकिवात नाही. गावगाडा सुतार, लोहार, कुंभार, चांभारांवाचून अडायचा, तरी खळ्यावर बलुते मागायला त्यांनाच उभे राहावे लागे. काम जातीने ठरलेले, आणि कामाचा मानही जातीनेच. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी 1936 साली मांडले ते याच अर्थाने.

पेशवाईत दफ्तर सांभाळणारे हात इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत गेले. बोरूच्या जागी टाक आला, एवढेच. या कारकुनशाहीखाली रयत कशी भरडते, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (1883) लिहिले. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, मजुरांमध्ये वावरत. गंमत अशी, की कारकुनालाही भाषेने सोडले नाही. 'खर्डेघाशी' हा शब्द त्याच्याच वाट्याचा. पण खर्डेघाशीला हसणाराही पोराला चिकटवायला बघतो तो कचेरीतच.

हा कल मोडायचे प्रयत्न महाराष्ट्रात पुष्कळ झाले. गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत आणि कीर्तनाआधी रस्ते झाडत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत (स्थापना 1919) मुले राबून शिकली. 'कमवा आणि शिका' तिथूनच रुजले. 1937 च्या वर्धा परिषदेतून आलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा होता. ती मागे पडली, याचे फारसे नवल नाही. शेतात राबणाऱ्या आईबापांना शाळा हवी होती ती पोराची राबण्यातून सुटका व्हावी म्हणून. त्यांना श्रमाची थोरवी सांगायला जाणारे बहुधा पांढरपेशेच असत.

प्रतिष्ठा घामावर ठरते की महिन्याच्या पगारावर, हे बोलण्यातून नेमके कळते. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूस पाळीभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहून कान बधिर करून घेई, पण गणपतीला गावी आला की तो 'चाकरमानी', 'मुंबईस नोकरीला'. उलट मागे राहिलेल्या, पाच एकर बागायत कसणाऱ्याला विचारा, 'सध्या काय करता?' उत्तर येते, 'काही नाही, शेती करतो.' त्या 'काही नाही'त सगळे आले.

लग्नाच्या बाजारात हे अधिकच उघडे पडते. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही. शेतकरी बापही जावई नोकरीवालाच शोधतो. सरकारी शिपायाच्या जागेसाठी पदवीधर अर्ज करतात. दहावीला गुण कमी पडले तरच आयटीआयचे नाव निघते, जणू फिटर-वेल्डरचे काम ही शिक्षाच आहे.

ओझे वाहणाऱ्यांना संरक्षण देणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात 1969 साली झाला. हमालाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. 'हमाली' हा शब्द टाकून बोलण्यासाठी वापरणे मात्र थांबले नाही. संगणकापुढे बसणारे आयटीवाले स्वतःला 'आयटी हमाल' म्हणवून हसतात. शहरी घरात नळ दुरुस्त करायला आलेला मिस्त्री तासाभराचे पाचशे रुपये मोजून घेतो, आणि त्याला चहा मिळतो तो ओट्याखाली वेगळा ठेवलेल्या कपातून.