केगेल करण्याआधी

"लघवी मध्येच रोखल्यासारखं करा, दहापर्यंत मोजा, सोडा." ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषाला मोबाइलवर पहिल्यांदा हाच सल्ला मिळतो. आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांनाही त्याचा उपयोग होतो. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत 55 पुरुष होते. व्यायाम आणि राहणीतले बदल यांनी सहा महिन्यांत सुमारे 40 टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल नसून आधीच आवळलेले असतील, तर हाच व्यायाम त्रास वाढवू शकतो, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. तिच्या खालच्या थरातले काही स्नायू लिंगाच्या मुळाला वेढून असतात. ताठरता येताना ते आवळले की आत कोंडलेल्या रक्ताचा दाब वरच्या रक्तदाबाच्याही पुढे जातो आणि खरा कडकपणा येतो. वीर्यस्खलनाच्या वेळी यांतलाच एक स्नायू साधारण 0.8 सेकंदाच्या अंतराने आकुंचन पावतो. आता हे स्नायू दिवसभर अर्धवट आवळलेलेच असले तर? आणखी आवळायला वाव उरत नाही, म्हणून जोर कमी पडतो. स्खलनाच्या झटक्यांनी थकलेल्या स्नायूत पेटका येतो आणि अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या शिवणीजवळ पुढे कितीतरी तास ठणकत राहतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो. मग माणूस धास्तावतो, आणि धास्तीने नेमके हेच स्नायू आणखी आवळतात.

असे रुग्ण बऱ्याचदा 'प्रोस्टेटला सूज' या नावाखाली अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेत राहतात. प्रत्यक्षात या निदानाच्या 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांत जंतुसंसर्ग सापडतच नाही. 2009 च्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचे स्त्री-पुरुष रुग्ण होते. आवळलेल्या स्नायूंवर नेमकी फिजिओथेरपी दिलेल्यांपैकी 57 टक्क्यांना आराम पडला, साध्या मसाजने 21 टक्क्यांना.

हे स्नायू सैल सोडायला शिकण्याची सुरुवात श्वासापासून होते. उताणं पडून गुडघे वाकवा आणि पोट फुगेल असा श्वास घ्या. श्वासपटल खाली सरकतं तशी ही झोळीही किंचित खाली उतरते. गुदद्वार सैल झाल्याचं कळतं. जोर द्यायचा नाही, फक्त अडवायचं नाही. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, काही आठवडे लागतात. रोज नेमाने मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा या हेच स्नायू आवळण्याच्या योगक्रिया करणाऱ्यांनीही एकदा पाहावं, आवळल्यानंतर आपण खरंच पूर्ण सोडतो का.

अर्थात, ताठरतेची तक्रार मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असू शकते, त्यामुळे साखर आणि रक्तदाब आधी तपासायचा. स्नायूंची परीक्षा डॉक्टर किंवा या कामात तयार झालेला फिजिओथेरपिस्ट गुदद्वारातून बोट घालून करतो. संकोच वाटतो, पण दुखरा, आवळलेला स्नायू तिथेच हाताला लागतो. तो तसा लागला, तर केगेल तूर्त बंद.