सर्पगंधा आणि सफेद मुसळीची रोपे लावण्यापूर्वी

आमच्याकडून तुम्ही नेता ती सर्पगंधा आणि सफेद मुसळीची रोपे टिश्यू कल्चरची, म्हणजे बाटलीत वाढलेली आहेत. मुळ्यांसाठी खणून खणून रानातली ही झाडे विरळ झाली. एका चांगल्या झाडाच्या डोळ्यांपासून शेकडो रोपे होतात आणि त्यासाठी रानात कुदळ न्यावी लागत नाही, म्हणून आम्ही हे काम धरले.

बाटलीत हवा दमट, साखर आयती आणि जंतू एकही नाही. तिथे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो, पर्णरंध्रे (पानावरची बारीक छिद्रे) नीट मिटत नाहीत, मुळांवर केसासारखी बारीक केसमुळे कमी येतात. बाहेर काढल्यावर पानांतून पाणी भराभर उडते आणि मुळांना तेवढे ओढता येत नाही. सर्वात जास्त मरतूक याच दिवसांत होते.

यावर मायकोरायझा बुरशीचा चांगला उपयोग होतो. रानातल्या मातीत ती असतेच, पण बाटलीतल्या रोपाची तिच्याशी गाठच पडलेली नसते. तिचे धागे मुळात शिरतात, बाहेर मातीतही पसरतात आणि केसमूळ पोचत नाही अशा बारीक फटींतून स्फुरद (फॉस्फरस) व पाणी आणतात. बदल्यात झाड तिला साखर देते. आपल्या जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवते, त्यामुळे कोकणात हिचे मोल जास्तच. रोप बाटलीतून कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, लावतानाच आम्ही ती मुळांशी घालतो. मुळांत नीट पसरायला तिला काही आठवडे लागतात. तोवर कितीही मागणी असली तरी आम्ही रोप देत नाही.

पुढे ही बुरशी जिवंत ठेवणे तुमच्या हातात. पिशवीतली माती मुळांवरून झाडू नका. रोग दिसत नसताना कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणे) मुळीच नको, त्याने ही उपयोगी बुरशीसुद्धा मरते. खड्ड्यात सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत जास्त पडले तर मुळांत तिची वाढ मंदावते. कुजलेले शेणखत पुरे. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी दुसरी उपयोगी बुरशी, चालेल.

पाणी साचले मात्र, तर कोणतीही बुरशी रोप वाचवू शकत नाही. मुसळी गादीवाफ्यावर लावा. सर्पगंधेला पोफळीच्या बागेतली सावली मानवते, फक्त पाटाच्या पाण्यापासून तिला दूर ठेवा. पाने मलूल दिसली तर आधी माती चाचपा. ओली असेल तर आणखी पाणी न घालता रोप पिशवीसकट आमच्याकडे घेऊन या.